गावात कॉम्प्युटर सेंटर काढायचंय (सत्तरी तालुका, गोवा). मशीन मिळतायत, पण चालवायचं कसं?

रानातला_आयटीवाला:

नमस्कार मंडळी. गाव वाळपयच्या पुढे, नाव मुद्दाम देत नाही कारण अजून गावातच सगळ्यांना सांगितलेलं नाही आणि आधीच गाजावाजा झाला तर नारळ कोणी फोडायचा यावरून भांडणं सुरू होतील. मी पणजीला नोकरी करतो, शनिवारी घरी येतो. आमच्या ऑफिसात विंडोज १० वाली बरीच मशीन काढून टाकतायत. साहेबांना सहज विचारलं तर म्हणाले आठ-दहा घेऊन जा, कागद करून देतो. देवळाच्या सभागृहाला लागून युवक मंडळाची एक खोली आहे, सध्या तिथे नाटकाचे पडदे आणि कॅरम बोर्ड पडलाय, ती मिळेल असं वाटतं.

मुलं म्हणजे दहावी-बारावीची, आयटीआयला जाणारी, आणि बारावी होऊन घरीच बसलेली. यातल्या काहींचे वडील खाणीवर ट्रक चालवायचे, २०१२ ला पहिल्यांदा बंद झालं, मग २०१८ ला पुन्हा, तेव्हापासून मिळेल ते काम. मोबाईल सगळ्यांकडे आहे, रील बनवण्यात एकेक वस्ताद, पण परवा एकाला म्हटलं बायोडाटा मेलला जोडून पाठव तर त्याने कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, तोही आडवा. नोकरीचा ऑनलाईन फॉर्म भरायला वाळपय नाहीतर साखळीला जातात, तिथे दुकानवाला भरून देतो आणि पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो. मग हॉलतिकीट काढायला परत त्याच्याकडेच.

तर विचारायचं हे की कोणी असं गावात चालवलंय का, शिकवायचं नेमकं काय, फी घ्यावी की फुकट ठेवावं, आणि मी आठवडाभर नसताना ते चालणार कसं. माझी भीती एकच, नव्याचे नऊ दिवस होतील आणि मग कुलूप.


खाणपट्ट्यातला_मास्तर:

बाबा रे, भीती बरोबर आहे. मी डिचोली तालुक्यात शिक्षक होतो, आता रिटायर. मशीनवरून सुरुवात करू नको. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी ते दार कोण उघडणार, त्या माणसाचं नाव आधी ठरव, बाकी सगळं मागाहून.

गोव्यात मशीनची टंचाई तशी कधी नव्हतीच. पर्रीकरांच्या पहिल्या कारकिर्दीत सायबरएज योजना आली, अकरावीच्या मुलांच्या घरी कॉम्प्युटर पोचले, त्या काळात देशात दुसरीकडे हे स्वप्न होतं. त्यानंतर काही वर्षांनी लॅपटॉप आले, टॅबलेट आले. ज्या घरात विचारायला कोणी मोठा भाऊ, काका होता तिथली पोरं त्यावर शिकली, आज त्यातली काही बेंगळुरू-पुण्यात आहेत. ज्या घरात कोणीच नव्हतं तिथे मॉनिटरवर विणलेला रुमाल आणि त्यावर गणपतीचा फोटो. मशीन तेच, योजना तीच.

आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्या सत्तरीत-सांग्यात पोरं नेटवर्कसाठी डोंगरावर जाऊन बसायची हे तुला सांगायला नको, तू त्याच भागातला.

त्यामुळे माझं मत, बारावी होऊन घरी बसलेल्यांपैकी एक मुलगा आणि एक मुलगी निवड, दोघंही. त्यांना थोडं का होईना मानधन दे. फुकट सेवा म्हणून कोणी वर्षभर दार उघडत नाही, शिमगा आला, लग्नसराई आली की गायब, आणि त्यात त्यांची चूकही नाही. फीबद्दल म्हणशील तर अगदी फुकट ठेवू नको, महिन्याला थोडेतरी घे आणि ज्याला जमत नाही त्याला कोणाला न कळता माफ कर.


पेडण्याची_पोर:

मास्तरांचं पटलं. मी दुसऱ्या बाजूने सांगते कारण मी अशाच एका गावातल्या सेंटरवर शिकलेय, आज मोपा विमानतळाजवळ एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला आहे.

पहिली गोष्ट दादा, ती देवळाची खोली नको. राग मानू नका. आमचं सेंटर पण देवळाच्या आवारात होतं आणि महिन्यातले चार-पाच दिवस आम्ही मुली यायचोच नाही, का ते कोणी विचारायचं नाही आणि आम्ही सांगायचो नाही, नुसतं रजिस्टरमध्ये गैरहजर. पुढचा धडा झालेला असायचा. शिवाय तुमच्या भागात धनगरवाडा असेल, वेगळ्या वाड्यावरची मुलं असतील, ख्रिश्चन घरं असतील, ती त्या खोलीत मोकळेपणाने येतील का याचा विचार करा. तुम्ही या म्हणाल, पण त्यांच्या आया पाठवतील का?

दुसरं, माऊस. एका मशीनवर तीन जण बसले की माऊस एकाच्याच हातात राहतो, आणि तो बहुतेक वेळा मुलगाच, बाकीचे दोघे बघत बसतात आणि सरांना वाटतं तिघेही शिकतायत. बेंगळुरूला मायक्रोसॉफ्ट रिसर्चवाल्यांनी खेड्यातल्या शाळांत हेच बघितलं होतं आणि मग एकाच कॉम्प्युटरला चार-पाच माऊस जोडून प्रत्येकाचा वेगळा बाण पडद्यावर दिसेल असं सॉफ्टवेअर केलं. तेवढं तुम्हाला नको, पण अलार्म लावा आणि दर दहा मिनिटांनी खुर्च्या बदला. आमच्या ताई हे करायच्या, पोरं कुरकुरायची, पण त्यामुळेच माझा हात बसला.

काय शिकवायचं म्हणाल तर टायपिंग! सगळ्यांना कोडिंग शिकवायचं असतं, टायपिंग कोणालाच शिकवायचं नसतं. सरकारी एलडीसीच्या (कनिष्ठ कारकुनाच्या) जाहिराती काढून बघा, बारावी, कॉम्प्युटरचं ज्ञान, आणि मिनिटाला ३० शब्द इंग्रजी टायपिंग. आणि आता कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा कॉम्प्युटरवरच होतात. माझ्या ओळखीची एक हुशार मुलगी परीक्षेला बसली, उत्तरं येत होती, पण माऊस पहिल्यांदाच नीट हातात घेतलेला, पुढचा प्रश्न कुठे दाबायचा यात वेळ गेला. अभ्यासात कमी पडली नाही ती. महिन्यातून एक दिवस घड्याळ लावून सराव परीक्षा घ्या, एवढं केलंत तरी आईबाप स्वतः मुलांना आणून सोडतील.


फोंड्याचा_तिरकस:

मी जरा उलट बोलतो, शिव्या घाला. २०२६ मध्ये सेंटर कशाला? प्रत्येकाच्या खिशात त्या जुन्या मशीनपेक्षा तगडा मोबाईल आहे.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. कोल्हापूरकडे वारणेला १९९८ मध्ये मोठा प्रकल्प झाला, सत्तर गावांत कॉम्प्युटर, देशभर कौतुक, शेतकरी जगाशी जोडला जाणार वगैरे. प्रत्यक्षात लोक त्यावर काय करायचे, तर ऊस किती गेला, वजन किती भरलं, बिल किती, साखर कारखान्याची तेवढी माहिती बघायची. मग काही वर्षांनी काही गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर देऊन बघितलं, मजेत झालं, खर्चही कमी. दिल्लीला कालकाजीत १९९९ मध्ये सुगता मित्रांनी भिंतीत कॉम्प्युटर बसवला, झोपडपट्टीतली पोरं आपली आपण शिकली म्हणून जगभर नाव झालं, पण नुसतं भिंतीत बसवून सोडलं की ते किती काळ चालतं यावर पुढे भरपूर वाद झालेत.

मला वाटतं त्या पैशात चांगलं वायफाय लावा पंचायतीजवळ, बाकी पोरं बघून घेतील.


पेडण्याची_पोर:

@फोंड्याचा_तिरकस बाब, मोबाईलवर एक्सेलची शीट करून दाखवा, दोनशे ओळींची, मग बोलू. हॉटेलात मला पहिल्या दिवशी बुकिंगची शीट दिली, मोबाईल नाही दिला. आणि पंचायतीजवळ वायफाय लावलं की तिथे रात्री बाईक लावून कोण बसणार हे मला माहीत आहे, मी तरी नसते गेले.


बोस्टनचो_म्हापशेकार:

तिरकसबाबचा वारणेचा मुद्दा खरा आहे पण त्यातून मी वेगळा अर्थ काढतो. तिथे काम एकच होतं, ते फोनवर गेलं. इथे तरुण मुलांना जागा पाहिजे.

मी अमेरिकेत राहतो, इथे या सेंटरांचा इतिहास जुना आहे. अँटोनिया स्टोन म्हणून एक गणिताच्या शिक्षिका होत्या, त्यांनी १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये गरीब वस्तीतल्या लोकांसाठी कॉम्प्युटर सेंटर उघडलं, म्हणजे इंटरनेट घरोघरी यायच्या खूप आधी. पुढे अशा सेंटरांचं देशभर जाळं झालं. पण मला जास्त आवडतो तो बोस्टनचा किस्सा. तिथल्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये सुट्टीत मुलांसाठी लेगो आणि मोटर घेऊन प्रोग्रॅमिंगची कार्यशाळा ठेवली होती. संपली. तर पुढच्या दिवसांत वस्तीतली काही पोरं परत आली, आत शिरायला बघायची, आणि म्युझियमच्या लोकांना सूचना गेली की अशी पोरं घुसतायत, लक्ष ठेवा. नताली रस्क आणि एमआयटीचे मिचेल रेझनिक यांनी त्यावरून म्हटलं की यांना शाळा सुटल्यावर यायला जागाच नाही, आणि १९९३ मध्ये कॉम्प्युटर क्लबहाऊस सुरू झालं. तिथे अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, मुलगा आला की त्याला काय करायचंय ते विचारतात आणि त्या कामात बसून मदत करतात. रेझनिकच्याच गटाने २००७ मध्ये स्क्रॅच काढलं, ज्यात रंगीत ठोकळे जोडून पोरं गेम बनवतात, ते फुकट आहे.

म्हणून माझं म्हणणं, टायपिंग जरूर शिकवा, पण आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी ठेवा. गावच्या नाटकाचं पोस्टर करा, भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग कापा-जोडा, चतुर्थीच्या माटोळीत (गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीत) बांधलेल्या रानफळांचे फोटो काढून नावं लिहा. सत्तरीच्या पोरांना त्यातली जेवढी नावं येतात तेवढी आम्हा म्हापशेकारांना येत नाहीत. ज्याला काहीतरी बनवता येतं तो परत येतो.


रॅमवाला:

आता तत्त्वज्ञान पुरे, मशीनचं बोलूया :) माझं म्हापशात रिपेअरिंगचं दुकान आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची मशीन लागते, त्यामुळे सगळी ऑफिसं चांगली धडधाकट मशीन बाहेर काढतायत. तुझ्यासाठी चंगळ. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाक, वर्ड-एक्सेलसारखं लिब्रे ऑफिस त्यातच येतं, पायरेटेड विंडोजच्या नादाला लागू नको. जुनी हार्डडिस्क असेल तर काढ आणि साधी एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) बसव, आठ वर्षांपूर्वीचं मशीन उड्या मारायला लागेल. रॅम (चालू कामाची मेमरी) ८ जीबी असेल तर उत्तम, ४ वर पण रडतखडत चालेल. लॅपटॉप देत असतील तर आधी लॅपटॉप माग, आपल्याकडे लाईट केव्हा जाईल सांगता येत नाही आणि आठ डेस्कटॉपना पुरेल असा यूपीएस परवडत नाही. बॅटरी वीस मिनिटं टिकली तरी काम सेव्ह करून होतं.

पावसाळ्याचं नीट ऐक, सत्तरीत जास्तच. जून ते सप्टेंबर मशीन रोज अर्धा तास तरी चालू राहिलं पाहिजे, आतल्या गरमीने दमट मरते. प्लास्टिक घालून गच्च बांधून ठेवलेलं मशीन हमखास खराब होतं. सप्टेंबरात कोणीतरी सांगेल की मशीन मेलं, नुसतं टूं टूं वाजतं, स्क्रीन काळी. दहातल्या बहुतेक वेळा काही मेलेलं नसतं. प्लग काढ, झाकण उघड, रॅमची पट्टी दोन्ही बाजूच्या खिट्या दाबून वर काढ, खालचे सोनेरी दात काळपट पडलेले दिसतील, शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेने हळू घास, चुरा झटक, परत बसव, खिट्या आपोआप टक् करून बंद झाल्या की समज बसली. हे पोरांनाच शिकव. पंधरा वर्षांच्या पोरीने स्वतः मशीन उघडून चालू केलं की तिला मग त्या डब्याची भीती राहत नाही.

अजून एक, दान आलेल्या मशीनचा घड्याळाचा सेल बहुतेक गेलेला असतो. मग तारीख मागे जाते आणि वेबसाईट उघडताना सुरक्षित नाही म्हणून लाल पाटी येते, लोक म्हणतात इंटरनेट खराब. सीआर २०३२ नावाचा बटणसेल, कुठेही मिळतो, बदल.

वीज कडाडायला लागली की नुसता प्लग काढून भागत नाही, राऊटरला येणारी वायर पण काढायची, मी दर ऑक्टोबरात जळके राऊटर बघतो.


खाणपट्ट्यातला_मास्तर:

रॅमवाल्याने लाखमोलाचं सांगितलं. इंटरनेट आलं नाही किंवा पावसात चार दिवस गेलं तरी अडू नये म्हणून दोन गोष्टी आधीच उतरवून ठेव. एक, आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल. दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, लिब्रे ऑफिसपासून पायथनपर्यंत, फुकट, मराठीतही आवाज आहे. स्क्रीनच्या एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर, थोडं बघायचं, थांबवायचं, तसंच करून बघायचं. याने शिकवणाऱ्याचा भार अर्धा होतो, बारावीची मुलगी सुद्धा वर्ग सांभाळू शकते. दुसरं किविक्स नावाचं सॉफ्टवेअर, त्यात अख्खा मराठी विकिपीडिया एका फाईलमध्ये नेटशिवाय बसतो.

सर्टिफिकेटच्या मागे लगेच लागू नको. पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ पासून मार्च २०२४ पर्यंत होतं, घरटी एक माणूस, वीस तासांचा कोर्स. वीस तासांत माणूस चालू-बंद करायला शिकतो, नोकरीला लागत नाही. ज्याला खरंच कागद पाहिजे त्याला नीलिट या सरकारी संस्थेचा सीसीसी हा कॉम्प्युटरचा कोर्स आहे, ऐंशी तासांचा, तो पुढच्या वर्षी बघ.


माजी_पंच_मावशी:

मी दोन टर्म पंच होते, म्हणून कागदाचं मी सांगते, तुम्ही मुलगे हेच विसरता.

खोली देवस्थानच्या जागेत असेल तर महाजनांच्या (देवस्थानच्या मानकरी सभासदांच्या) समितीचं लेखी पत्र पाहिजे, नाहीतर समिती बदलली की पडदे परत आत आणि कॉम्प्युटर बाहेर. पण पेडण्याच्या बायने सांगितलं ते मला जास्त पटलं. तुमच्या गावात सरकारी प्राथमिक शाळा मुलं नाहीत म्हणून बंद पडलेली असेल, आपल्याकडे अशा पुष्कळ आहेत. इमारत बरी असते, संडास असतो, लाईटचं कनेक्शन असतं किंवा होतं. तिथे सगळ्या वाड्यांची मुलं आधीपासून जात होती, त्यामुळे कोणाला संकोच नाही. ग्रामसभेत ठराव घे, पंचायतीमार्फत शिक्षण खात्याला अर्ज कर. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी चार आयांना भेटून ये, सभेत त्या बोलल्या पाहिजेत, तू एकटा बोललास तर लोक म्हणतील याला पंचायत निवडणूक लढवायचीय.

युवक मंडळ रजिस्टर आहे का बघ. नसेल तर आधी ते. कुंडई, वेर्णा, थिवीच्या औद्योगिक वसाहतींत मोठ्या कंपन्या आहेत, त्यांना कायद्याने नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात, पण ते पैसे रजिस्टर संस्थेलाच मिळतात, आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, आणि २०२१ पासून असे पैसे घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. एक वर्ष सेंटर चालवून दाखव, हजेरीचं रजिस्टर स्वच्छ ठेव, मग जा. आणि त्यांच्याकडे मशीन मागू नको, मशीनला बोर्ड लावून फोटो काढायला सगळे तयार असतात. त्या दोन मुलांचं मानधन माग, तिथेच घोडं अडतं.


फोंड्याचा_तिरकस:

बरं बाबा, हरलो नाही पण गप्प बसतो. मुलांच्या मानधनात वर्षभर माझे महिन्याला पाचशे धरा. वायफायवाला मुद्दा मात्र सोडत नाही, सेंटरच्या वेळेतच चालू, बाहेर पडलं की बंद, असं तरी ठेवा.


रानातला_आयटीवाला:

सगळ्यांना देव बरें करूं. शाळेचं डोक्यातच आलं नव्हतं! आमच्याकडे आहे बंद पडलेली, रस्त्याला लागून, बसस्टॉपच्या समोर, कौलं दोन-चार फुटलीयत बस. मानधनासाठी तिरकसबाब धरून आता तीन जण झालो, ऑफिसातल्या दोघांना पण गाठतो. मुलगी डोक्यात आहे, तिने बारावी कॉमर्स केलंय, आईला आज विचारतो. मुलगा अजून ठरत नाही, जे हुशार आहेत ते सगळे पोलीस भरतीच्या मागे पळतायत.

रॅमवाले बाब, मशीन आणायच्या आधी ऑफिसातून काय काय बघून घेऊ?


रॅमवाला:

प्रत्येक मशीन तिथेच चालू करून बघ, बंद असलेलं एकही उचलू नको, नाहीतर ई-कचरा तुझ्या गळ्यात. हार्डडिस्क त्यांच्या आयटीवाल्याकडून पुसून घे आणि पुसल्याचं पत्रावर लिहून घे, सिरियल नंबरसकट. बायोसला (मशीन चालू होताना आधी येणाऱ्या सेटिंगला) पासवर्ड असेल तर तो काढून माग, हे सगळे विसरतात आणि मग माझ्याकडे येतात. पॉवर केबल आणि मॉनिटरच्या केबल मोजून घे. शनिवारी म्हापशावरून जाणार असशील तर फोन कर, एसएसडी बसवायला संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर बसू, ती मुलगी येत असेल तर तिलाही घेऊन ये, पहिलं मशीन तीच उघडेल.